मगरीचं कातडं : नाटकासाठी अंगाला चापून बसणारा रबरी पोशाख कसा करावा?

पडद्यामागची

बडोद्यातला आमचा हौशी नाट्यसंच दिवाळीच्या सुट्टीत एक बालनाट्य करतो. यंदाच्या नाटकात विश्वामित्री नदीतली मगर आहे. पुराच्या पाण्याबरोबर ती एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन अडकते आणि पुढचं सगळं नाटक तिला परत नदीपर्यंत पोचवण्याचं. २०२४ च्या ऑगस्टचा पूर ज्यांनी इथे काढलाय त्यांना कथानक फार ओढूनताणून वाटणार नाही.

वेशभूषा माझ्या गळ्यात आहे. दिग्दर्शकाने एकच अट घातलीय : मॉलच्या दारात हात हलवत उभा असतो तो फोमचा ढोला प्रकार नको. मगर करणारा मुलगा भरतनाट्यम शिकलेला आहे, सडपातळ, त्याची नुसती पाठसुद्धा बोलते. ते दिसलं पाहिजे. पहिल्या प्रवेशात तो पोटावर सरपटत येतो, मधे उकिडवा बसून बराच वेळ संवाद म्हणतो आणि शेवटी पोरांबरोबर तीन टाळीचा गरबा खेळतो.

नुसत्या छापील लायक्राचा पोशाख करून पाहायचा विचार होता, पण दिव्याखाली ते कापडच दिसतं. कातडं दिसायला रबर हवं असं वाटतंय. इथे कुणी रबरी, अंगालगतचा पोशाख केलाय का? तयार शीट घ्यायची की द्रव लेटेक्स? शिवायचं की चिकटवायचं? आणि आत माणूस उकडून निघेल त्याचं काय? पैसे वर्गणीचे आहेत हे लक्षात घेऊन सांगा.

तरी_वेगळी

विश्वामित्रीत एवढ्या खऱ्या मगरी रिकाम्या बसल्यात. एकीला विचारून बघा की. मी सेवउसळ घेऊन बसलोय, चालू द्या.

पडद्यामागची

१९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती. शिवाय तालमीला वेळेवर येणार नाही.

डिपिंग_टँक

मकरपुरा जीआयडीसीत रबराच्याच धंद्यात आहे, म्हणून लिहितो.

शीट आणि द्रव लेटेक्स ही दोन वेगळी कामं आहेत. शीट म्हणजे तयार रबराचा तागा. कापायचा, कडा एकमेकींवर चढवायच्या, चिकटवायच्या. द्रव लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. झाडातून निघतो तेव्हा त्यात रबर ३० ते ४० टक्के असतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ते ६० टक्क्यांवर आणतात आणि वाटेत गोठू नये म्हणून अमोनिया घालतात. कॅन उघडल्यावर डोळ्यांत पाणी येतं ते त्याचं, तेव्हा काम गच्चीवर किंवा दारं-खिडक्या उघडून. आपल्याकडचा बहुतेक चीक केरळातून येतो.

विकत घेताना 'प्रीव्हल्कनाइज्ड' असं स्पष्ट विचारा. गालिच्याच्या पाठीला किंवा चिकटवायला वापरतात तो साधा लेटेक्स स्वस्त पडतो, पण वाळल्यावरही त्याचा चिकटपणा जात नाही. गुडइयरने १८३९ मध्ये रबराला गंधक आणि उष्णता दिली त्याच्या आधीचे रबरी कोट असेच होते, थंडीत कडक आणि उन्हाळ्यात लिबलिबीत. प्रीव्हल्कनाइज्डमध्ये ते सगळं द्रव अवस्थेतच उरकलेलं असतं, तुम्ही फक्त पाणी उडून जायची वाट बघायची.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. पातळ करायला बोअरचं पाणी घालू नका. जड पाण्यातल्या कॅल्शियमने लेटेक्स फाटतो, डब्यातच गुठळ्या होतात. हातमोज्यांच्या कारखान्यात चिनीमातीचा हात आधी कॅल्शियम नायट्रेटमध्ये बुडवतात तो मुद्दाम हेच व्हावं म्हणून. साच्यावर रबर पटकन धरतं. तुम्हाला ते नकोय. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, किंवा आरओचं.

तांबं-पितळही लांब ठेवा. पितळी चेन, पितळी हुक, तांब्याचं कडं, काहीही रबराला लागून राहिलं की तपकिरी डाग पडतो आणि पुढे त्या जागी रबर सडतं. चेन प्लास्टिकचीच.

आणि तेल. खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल, सगळं बंद. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि ढिलं पडतं. तुमच्या नटाला म्हणावं प्रयोगाच्या दिवशी डोक्याला तेल लावून येऊ नकोस, गळपट्टी आधी जाईल.

राइनकाठी

मी मूळचा दांडिया बाजारचा, सध्या जर्मनीत. इथे पोशाखांचे मेळावे भरतात त्यात मी हौसेने भाग घेतो, लेटेक्स शीटचे पोशाख स्वतः करतो. माझं मत सरळ आहे : कातडं दिसायला हवं असेल तर शीट. दुसरं काही त्याच्या जवळपास जात नाही.

०.४ मिलिमीटर जाडीची शीट घ्या. ०.२५ ची नखाने फाटते, ०.८ ची वाकताना नटाशी भांडते. घेर मापापेक्षा थोडा कमी ठेवायचा, साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे रबर ताणून अंगावर बसतं. लांबीत मात्र कापाकापी करू नका, नाहीतर माणूस सरळ उभा राहू शकत नाही. कडा ८-१० मिलिमीटर एकमेकींवर. आधी त्या सॉल्व्हंटने पुसायच्या कारण शीटवर पावडर असते. मग दोन्ही बाजूंना रबर सिमेंटचा, म्हणजे रबराच्याच गोंदाचा, पातळ हात. लावल्याबरोबर कड गुंडाळते, घाबरायचं नाही, सॉल्व्हंट उडालं की ती पुन्हा सपाट होते. तेव्हा जोडायचं आणि रोलर फिरवायचा. एकदा टेकलं की टेकलं, सरकवता येत नाही.

सुई अजिबात नाही. भोकांची रांग म्हणजे तिकिटावरची फाडायची रेघ. शेवटी वरून सिलिकॉन पॉलिशचा हात दिला की दिव्याखाली ओलं कातडं.

उलटी_टीप

राइनकाठी, माहिती एक नंबर. पण तुमच्या मेळाव्यात माणूस उभा राहतो, फोटो काढून घेतो आणि बसतो. इथे हा मुलगा पोटावर सरपटणार आहे, तेही नगरगृहाच्या लाकडी स्टेजवर. एखादा खिळा वर आलेला असला की पोट फाटलं. मग विंगेत सॉल्व्हंटने पुसून, वाळवून, रोलर कोण फिरवणार?

मी शिवणकाम करते, नाचाचे पोशाख जास्त. पडद्यामागची ताई, रबर कुठलं घ्यायचं हे नंतर. तुम्ही माप कसं घेणार आहात ते आधी सांगा. सगळा पोशाख तिथे बिघडतो किंवा साधतो.

उभ्या माणसाचं माप घेऊन मगर करू नका. मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंत टेप धरा, मुलाला सरळ उभं करा, आकडा लिहा. आता त्यालाच उकिडवा बसवा, हनुवटी खाली. चार-पाच बोटं तरी फरक पडेल. नाचणाऱ्याची पाठ असेल तर जास्त. तेवढं कापड पाठीत नसेल तर बसल्यावर ते दोन ठिकाणांहून ओढून घेतं, खांद्यातून आणि जांघेतून. खांदा उसवतो, जांघ काचते, आणि नट संवाद विसरतो. उलट तेवढं जास्तीचं ठेवलं तर उभा राहिल्यावर कमरेत घड्या पडतात. मगरीला त्या घड्या चालतात! तिच्या पाठीवर आडव्या रांगाच असतात, त्या रांगांच्या मधे घडी लपवा.

काखेत आणि जांघेत चौकोनी कळी हवीच. कुर्त्याच्या बगलेत घालतो तीच, फक्त मोठी. तीन टाळीत हात वर जातात, कळी नसेल तर हाताबरोबर पोटापर्यंतचा सगळा पोशाख वर जातो.

पडद्यामागची

पाठीचं माप आजच तालमीत घेतलं. फरक खरंच पंजाभर आहे. दिग्दर्शकही बघत उभे होते.

पण अख्ख्या अंगाचं माप टेपने कसं घ्यायचं? शंभर आकडे होतील.

उलटी_टीप

टेपने नाही, चिकटपट्टीने. मुलाला जुना घट्ट टीशर्ट आणि लेगिंग घाला, जी फुकट गेली तरी चालेल. त्यावर डक्ट टेपच्या वीतभर पट्ट्या तिरप्या, एकमेकींवर चढवत लावत जा. लांबलचक पट्टी गुंडाळायची नाही, आवळली जाते. छातीवर लावताना त्याला पूर्ण श्वास घ्यायला सांगा आणि भरल्या छातीवर लावा. वरचं अंग एकदा, खालचं वेगळ्या दिवशी, पंखा लावून, कुणीतरी सोबत राहून.

मग स्केचपेनने शिवणीच्या रेघा त्याच्या अंगावरच काढा. गुडघ्याची वाटी कुठे, कोपर कुठे, पाठीची मधली रेघ. पाठीवरून कापून काढा. आता दोन पर्याय : चिंध्या भरून त्याचाच पुतळा करा, किंवा रेघांवरून कापून सपाट केला की कागदी खाका तयार. तुम्ही दोन्ही करा. एक आवरण पुतळ्याला आणि एक खाक्याला. टेप काही महाग नाही.

वॉर्ड_नंबर_सात

परिचारिका आहे, आत्तापर्यंत वाचनमात्र होते. आता मला बोलू द्या, कारण कुणीच हे विचारलं नाही : त्या मुलाला रबर चालतं का?

लेटेक्सची अ‍ॅलर्जी हा खरा प्रकार आहे. चिकातल्या प्रथिनांमुळे होते ती लगेच दिसते, पित्ताच्या गांधी, शिंका, श्वास लागणं, आणि क्वचित जिवावर बेतते. त्याला विचारा : फुगा फुगवताना कधी ओठ सुजले होते का? दाताच्या डॉक्टरांनी हातमोजे घालून तपासल्यावर तोंडाभोवती खाज सुटली होती का? केळं, किवी, पपई, अ‍ॅव्होकाडो खाऊन घशात खवखवतं का? लहानपणी बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्यात का? एकालाही 'हो' म्हणाला तर रबर बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे. घरच्या घरी तुकडा लावून बघू असं अशा माणसावर करायचं नाही.

दुसरा प्रकार सौम्य, पण त्रासदायक. रबर पक्कं करायला जी रसायनं घालतात त्यांच्यामुळे एक-दोन दिवसांनी पुरळ येतं. म्हणून अंगाला थेट रबर नकोच. आत पातळ, पूर्ण बाह्यांचं कापड ठेवा.

आता उकाडा. घाम येतो म्हणून माणूस गार होत नाही, घाम वाळतो म्हणून होतो. रबराच्या आत तो वाळत नाही. ऑक्टोबरात बडोद्यात, वर हॅलोजन, आत गरबा... मला तर वाचूनच चक्कर आली. एका वेळी किती वेळ तो सलग आत राहणार?

पडद्यामागची

मुलाला सगळे प्रश्न विचारले. केळी रोज दोन खातो, फुगे फुगवून वाढदिवसाला वाटतो, काही झालेलं नाही. ऑपरेशन एकही नाही.

पहिला प्रवेश साधारण वीस मिनिटांचा, मग तो बाहेर, मग शेवटचा पाऊण तास सलग आहे.

वॉर्ड_नंबर_सात

पाऊण तास नको. मधे पाच मिनिटं विंगेत येईल असं काहीतरी लिहून घ्या लेखकाकडून. पोरांचं एखादं गाणं टाका. विंगेत टेबल फॅन, गार पाण्याचा ओला नॅपकिन मानेला, आणि मीठ-साखर-लिंबूपाणी. विंगेतल्या माणसाला सांगून ठेवा : मुलगा असंबद्ध बोलायला लागला, पाय लटपटले, डोकं दुखतं म्हणाला की नाटक थांबवायचं. चेन अडकली तर कापून काढायचं. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री विंगेत खिळ्याला टांगलेली हवी. पोशाख किती मेहनतीचा आहे हा विचार त्या क्षणी कुणी करायचा नाही.

डिपिंग_टँक

सातनंबर ताईंना अनुमोदन. भर घालतो. लेटेक्सचा थर वाळला की कोमट पाण्याने नीट धुवा, पाणी बदलत. प्रथिनांचा आणि रसायनांचा बराचसा अंश त्यात निघून जातो. कारखान्यातही हातमोजे धुतातच.

ग्वाल्हेरची_थंडी

जानेवारीत ग्वाल्हेरला प्रयोग ठेवा, उकाड्याचा प्रश्नच मिटला. नट स्वतःहून मागेल तो पोशाख.

मातीकाम

फाइन आर्ट्सचा माजी विद्यार्थी, शिल्पकला. उशिरा आलो.

तुम्ही सगळे 'शीट की द्रव' यातच अडकलात. मगर ही एकसारखी नाहीच आहे. कमाटीबागेत किंवा पुलावरून दुर्बीण लावून नीट बघा. पाठीवर हाडाच्या उंच ढाल्यांच्या रांगा, बाजूला बारीक गोल खवलं, पोटावर फिकट, सपाट, चौकोनी फरश्या. मानेवर चार मोठ्या ढाल्यांचा चौकोन आणि दोन्ही बाजूंना एकेक लहान. तो चौकोन घातलात की बडोद्याचं पोर लगेच म्हणेल, ही आपली मगर. शेपटीवर दोन कंगोरे असतात, टोकाकडे जाऊन त्यांचा एकच होतो. हे सगळं एकाच जाडीच्या रबरात करायला गेलात तर एकतर सगळं जाड होईल किंवा सगळं गुळगुळीत.

माझी पद्धत सांगतो. घट्ट लायक्राचा पोशाख शिवून घ्या, उलटी टीप ताईंच्या खाक्यावरून. तो टेपच्या पुतळ्यावर चढवा, म्हणजे अंगावर जेवढा ताणलेला असेल तेवढाच ताणलेला राहील. आता त्यावर स्पंजने द्रव लेटेक्स टिपत जा. ब्रश नको, रेघा उठतात. बारीक कामाला ब्रश लागलाच तर आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर केस एकमेकांना कायमचे चिकटतात.

पाठीच्या ढाल्या वेगळ्या करा. मातीत घडवून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढा, तो पूर्ण वाळू द्या, त्यात लेटेक्स ओता. प्लास्टर पाणी ओढून घेतं, कडेला रबराची साल धरते. थोड्या वेळाने उरलेला लेटेक्स परत डब्यात ओता. आत पोकळ, हलकी ढाली मिळते. पोकळीत स्पंजचा तुकडा, आणि लेटेक्सनेच पाठीवर चिकटवा. फक्त रांगेतल्या ढाल्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत, प्रत्येकीची बैठक वेगळी. मग पाठ वाकली की रांगा उघडतात, सरळ झाली की मिटतात.

आणि काख, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागे, जांघ, इथे लेटेक्स लावूच नका. लायक्राच्याच रंगात सोडा. दुरून कळत नाही, आणि घामाला वाट मिळते.

उलटी_टीप

मातीकाम, तुमच्याकडे कुणीतरी शिवण शिकवलीय. माझ्या मनातलं लिहिलंत. रंग मात्र कशाने देणार? लायक्रा ताणलं की अ‍ॅक्रिलिकला तडे जातात.

मातीकाम

नुसतं अ‍ॅक्रिलिक नाहीच. लेटेक्समध्येच पाण्यात विरघळणारा रंग मिसळायचा, थोडाच, फार घातला की रबराचा जोर जातो. डब्यात दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर गडद होतो, कारण ओल्या लेटेक्सचा पांढरेपणा निघून जातो. आधी चिंधीवर वाळवून बघा आणि मगच पुतळ्याला हात लावा.

राइनकाठी

बरं, बहुमत माझ्या विरुद्ध आहे. पण एक जागा मी सोडणार नाही. गळा. मगर तोंड मिटून बसली तरी तिचा गळा हलत असतो, आणि हा मुलगा तर संवाद म्हणणार आहे. लायक्रावरच्या लेटेक्सला ती थरथर येणार नाही. हनुवटीपासून छातीपर्यंतचा तुकडा शीटचा करा, बाकीचं तुम्हाला हवं तसं.

पडद्यामागची

हे पटलं. पण एका गळ्यासाठी शीट कुठून आणू? अख्खा मीटर घेऊन काय करू?

वॉर्ड_नंबर_सात

सर्जिकलच्या दुकानात जा. फिजिओथेरपीला व्यायामासाठी देतात ती लेटेक्सची पट्टी मागा. फिकट पिवळी मऊ असते, ती कामाला येते. रुंदी वीतभराच्या आतबाहेर, दोन पट्ट्या जोडल्या की गळा होईल. एक मात्र बघून घ्या, हल्ली बिनलेटेक्सच्याही पट्ट्या येतात.

डिपिंग_टँक

आणि चिकटवायला सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्युशन. तेही रबरच आहे, सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं. राइनकाठींनी सांगितलं तसंच लावा. फर्निचरला लावतात तो पिवळा गोंद इथे नको, जोड कडक होतो आणि गळा हलायचा थांबतो. सोल्युशन लावताना देवाजवळचा दिवा, उदबत्ती, गॅस, सगळं विझवलेलं पाहिजे. वाफ पेट घेते आणि ती जमिनीलगत पसरते.

पडद्यामागची

काम सुरू झालंय. थोडं सविस्तर लिहिते, कुणाला पुढे उपयोगी पडेल.

लायक्रा मंगळ बाजारातून. शेवाळी रंगाचं हवं होतं, मिळालं ते थोडं जास्त हिरवं, पण वर लेटेक्स चढणार म्हणून घेतलं. दोन्ही बाजूंना ताणणारंच घ्यायचं, दुकानदार आडवं ताणून दाखवतो, आपण उभंही ताणून बघायचं. शिवण ओव्हरलॉकवर. पाठीत उलटी टीप ताईंनी सांगितलेलं जास्तीचं माप ठेवलं आणि मातीकामांच्या ढाल्यांच्या रांगा बरोबर त्याच घड्यांवर आणल्या. मुलगा उकिडवा बसतो तेव्हा रांगा एकेक करून उघडतात. दिग्दर्शक आता त्याला उगाचच चार वेळा बसवतात.

लेटेक्स चढवतानाचं बघण्यासारखं आहे. स्पंजने टिपलेला थर आधी पांढराशुभ्र असतो. मग ढालीच्या कडेपासून तो पिवळसर, आरपार व्हायला लागतो, आणि मधे खोलगट जागी पांढरा ठिपका उरतो, तापवलेल्या दुधावर साय धरताना मधे उरतो तसा. तो ठिपका जाईपर्यंत दुसरा हात द्यायचा नाही. श्रावणातल्या दमट हवेत हे फार वेळ खातं. पंखा पुतळ्याच्या बाजूला ठेवला, समोरून नाही, समोरून वारा लागला की वरची साल आधी धरते आणि खाली ओलं राहतं. वास अख्ख्या जिन्यात पसरलाय. खालच्या काकी विचारून गेल्या, घरी मासे आणलेत का. अमोनियाचं समजावून सांगितलं, पटलेलं नाही.

वाळलेला थर स्वतःलाच चिकटतो हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. काखेकडची बाजू छातीवर टेकली की सोडवताना साल निघते. प्रत्येक थरानंतर पुतळा टाल्कम पावडरने माखायचा, पुढच्या थराआधी ओल्या फडक्याने पुसायचा.

गुडघे आणि कोपरांना जमिनीला टेकतात त्या बाजूने योगा मॅटचे तुकडे आतून लावले, सरपटण्यासाठी. चेन पाठीत, ढाल्यांच्या मधल्या रेघेत, वरून झाकणारी पट्टी. चेन मानेपासून कमरेपर्यंतच नाही, पुढे खालपर्यंत नेली आहे. का ते सुज्ञांनी समजून घ्यावं, प्रयोग दोन तासांचा आहे.

शेपटी अजून राहिलीय.

उलटी_टीप

शेपटी पोशाखाला जोडायचीच नाही! वजन कितीही कमी असलं तरी ते मागून लायक्रा खाली ओढतं आणि गळा वर. कमरेला आतून रुंद पट्टा, पोशाखाला मागे काजासारखी चीर, त्यातून पट्ट्याची कडी बाहेर, शेपटी त्या कडीला. सरपटताना वेगळी, गरब्याला वेगळी, आखूड शेपटीही लावता येईल. नाहीतर पहिल्याच फेरीत कुणीतरी तिच्यावर पाय देणार.

पडद्यामागची

आखूड शेपटी! हे सुचलंच नव्हतं. करतेच.

शेवटचा प्रश्न. रविवारी दुपारी आणि संध्याकाळी असे दोन प्रयोग आहेत. मधल्या वेळात घामाने भिजलेला पोशाख वाळणार कसा? आणि वास?

राइनकाठी

नाटकवाल्यांचा जुना उपाय आहे, इकडे सगळे करतात. फवारणीच्या बाटलीत स्वस्तातली व्होडका, आतल्या बाजूने फवारायची. वास गायब.

तरी_वेगळी

दांडिया बाजार सोडून फार वर्षं झालेली दिसतात तुम्हाला. साहेब, गुजरात आहे हे. मगरीच्या पोशाखासाठी परमिट मागायला कोण जाणार? 😂

डिपिंग_टँक

सर्जिकल स्पिरिट घ्या, डिस्टिल्ड पाण्यात अर्ध्याला अर्धं. लायक्राच्या आतल्या बाजूने हलका फवारा, रबराच्या बाजूने नाही, रंग सुटू शकतो. मग पोशाख उलटा करून सावलीत पंख्याखाली. उन्हात वाळवू नका, ऊन रबर खातं.

उलटी_टीप

आणि आत घालायचे पातळ कपड्यांचे जोड दोन करा. घामाचा मोठा भाग त्यातच राहतो. दुपारचा उतरवायचा, संध्याकाळी कोरडा चढवायचा.

पडद्यामागची

आतले कपडे दोन जोड, स्पिरिट, पंखा, कात्री. लिहून घेतलं. आणि नाटक संपल्यावर वर्षभर कुठे ठेवू? आमच्याकडे पत्र्याखालचा माळा आहे.

डिपिंग_टँक

माळा नको, पत्र्याखाली तापतं. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, दोन्ही बाजूंनी पावडर लावा. ढाल्यांवर घडी घालू नका, खालच्या कपाटात आडवा, आत कागदाचे बोळे भरून, काळ्या पिशवीत. गळ्याच्या पिवळ्या पट्टीवर पाठीचा गडद भाग टेकू देऊ नका, रंग उतरतो. मधे पांढरा कागद घाला.